मुकुट आधी डोक्याला बसवा, मग सजवा

सव्वादोन वर्षांचा मुलगा, गोव्यात फोंड्याच्या बाजूला घर, बाहेर दिवसभर पाऊस. त्याच्याबरोबर कागदाचा मुकुट, सांजांवासाठी (गोव्यातला पावसाळी ख्रिस्ती सण) कोपेल म्हणजे डोक्यावरचा पानाफुलांचा मुकुट, हातातलं कडं असं काहीतरी करायला तुम्ही बसता. दोन मिनिटांत तो उठून जातो, डिंक तास झाला तरी वाळत नाही, शेवटी तुम्ही एकटीनेच मुकुट पुरा करता आणि डोक्यावर ठेवताक्षणी तो ओढून फाडतो. कागद कोणता घ्यावा आणि लवकर वाळणारा डिंक कोणता, असं तुम्ही विचारलंत. दोन्हींची उत्तरं खाली आहेत. पण नुसता कागद आणि डिंक बदलून मुकुट फाटायचा थांबणार नाही, कारण मूळ अडचण कामाच्या क्रमात आहे.

आपण वस्तू आधी पूर्ण करतो आणि अंगावर चढवणं शेवटी ठेवतो. या वयाच्या मुलाला मात्र डोक्यावर अचानक वरून आलेली, स्वतःला न दिसणारी, कपाळाला टोचणारी गोष्ट म्हणजे संकटच. तो ती ओढणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी साधी, कोरी पट्टी त्याच्या डोक्याला बसवायची. ती त्याने दहा वेळा घालायची, काढायची, तुमच्या डोक्यावर ठेवायची, आजोबांना घालायची. हा खेळ पुरेसा झाला की मगच सजावट. तोवर पट्टी त्याच्या ओळखीची झालेली असते, आणि सजावटही ‘माझ्या टोपीवर’ चिकटवल्यासारखी वाटते. माझ्याकडच्या लहान गटात पहिल्या दिवशी मी सजावटीचं सामान बाहेर काढतच नाही. पहिला दिवस फक्त पट्टीचा.

काही गोष्टी मुलावर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच ताडून बघायच्या. हाताला येईल ते तो अजून तोंडात घालत असेल, तर खाली सांगितलेल्यातल्या निम्म्या वस्तू बाजूला ठेवा. डोक्याला तेल लावणं, टोपी, कुंची यांना तो पहिल्यापासून विरोध करत असेल, तर मुकुटाचा हट्ट सोडा आणि मनगटावरून सुरुवात करा. मनगट त्याला दिसतं, म्हणून तिथे भीती कमी. आणि तीन वर्षांच्या मुलाला जे जमतं ते सव्वादोनला जमेलच असं नाही. या वयात सहा महिन्यांचा फरक मोठा असतो.

आता माप. दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या डोक्याचा घेर साधारण ४७ ते ५० सेंमी असतो. भुवयांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवा. टेप नसेल तर सुतळी फिरवून ती फूटपट्टीवर मोजा. त्यात दीड-दोन सेंमी वाढवा, म्हणजे पट्टीखाली तुमचं एक बोट सहज जाईल. बाजारात मिळणारा नेहमीचा चार्ट पेपर २२ बाय २८ इंचाचा, म्हणजे जवळपास ५६ बाय ७१ सेंमीचा असतो. ५६ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद अशा १७ पट्ट्या एका कागदातून निघतात. चारपेक्षा रुंद पट्टी करू नका. लहान मुलाचं कपाळ बुटकं असतं. रुंद पट्टी भुवयांवर उतरते आणि मग ती वर सारण्यातच त्याचा वेळ जातो.

पट्टी कोणत्या दिशेने कापायची हे महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. कारखान्यात तयार झालेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात. त्यामुळे कागद एका बाजूने सहज वळतो, दुसऱ्या बाजूने अडतो आणि वळवलाच तर त्याला मोड पडते. तपासायला सोपं आहे. कागदाच्या समोरासमोरच्या दोन कडा, घडी न पाडता, हलकेच जवळ आणा आणि वर हाताने दाबून बघा. मग दुसऱ्या दोन कडा. ज्या दोन कडा कमी जोरात जवळ येतात, त्यांच्यापैकी एकीपासून दुसरीपर्यंत पट्टी कापायची. अशी पट्टी डोक्याभोवती गोल बसते, उलट दिशेची जागोजाग मोडते आणि मोडलेला कोपरा कपाळाला लागतो. तुमच्या कागदात सहज वळणारी बाजू ७१ सेंमीची निघाली, तर त्या बाजूने १४ पट्ट्या कापा आणि प्रत्येकीचं १५ सेंमीचं टोक उडवा. उरलेले तुकडे कड्याला कामी येतात.

पट्टी जोडायला स्टेपलर नको, टाचणी नको, इलॅस्टिकही नको. स्टेपलरची पिन वाकलेल्या बाजूने केसांत अडकते, आणि मुलाने ओढून काढली की थेट तोंडात जाते. इलॅस्टिक घट्ट बसतं, ओढून सोडलं की चटका देतं. सगळ्यात चांगल्या म्हणजे दोन खाचा. पट्टीच्या एका टोकापासून ३ सेंमीवर वरच्या कडेने मधोमधपर्यंत, म्हणजे २ सेंमी खोल काप द्या. दुसऱ्या टोकापासून ३ सेंमीवर तसाच काप खालच्या कडेने. दोन्ही खाचा एकमेकींत अडकवल्या की ५० सेंमीचा गोल तयार होतो. एका टोकाला ४ आणि ५ सेंमीवर आणखी दोन काप देऊन ठेवलेत, तर तोच गोल ४९ आणि ४८चाही होतो, आणि धाकट्या भावंडांनाही चालतो. टोकांचे कोपरे कात्रीने गोल करा आणि ती टोकं बाहेरच्या बाजूला राहू द्या.

इथे एक अडचण येते. पट्टी सहज वळावी म्हणून आपण ती तंतूंना आडवी कापली. म्हणजे खाच तंतूंच्याच दिशेने पडली, आणि जोर आला की ती पुढे फाटत जाते. म्हणून काप देण्यापूर्वी दोन्ही टोकांना बाहेरून ६ सेंमी लांबीची मास्किंग टेप लावा, किंवा त्याच कागदाचा तुकडा, त्याचे तंतू पट्टीच्या लांबीच्या दिशेने येतील असा फिरवून चिकटवा. मगच खाच. ही जोडणी ओढली की सुटते, फाटत नाही, आणि मुलाच्या मानेला किंवा केसांना हिसका बसत नाही. जोड मागे ठेवू नका, कानाच्या वर ठेवा. तिथे त्याचा हात पोचतो आणि स्वतः काढण्याचा मार्ग त्याला सापडतो. काढता येतं हे कळलं की तो जास्त वेळ घालून ठेवतो. ऐकायला उलटं वाटेल, पण करून बघा.

कागद कोणता हा प्रश्न गोव्यात वर्षातले चार महिने वेगळाच असतो. जुलैत हवेतलं दमटपण ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहतं आणि कागद ती ओल शोषून घेतो. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद सकाळी कडक असला तरी संध्याकाळी मान टाकतो. पट्टीसाठी १६० ते १८० जीएसएमचा जाड कागद घ्या. तो म्हापशाला किंवा मडगावला स्टेशनरीच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतो. चार्ट पेपर सगळे सारखे नसतात. दुकानात कोपरा धरून हलवून बघा, फडफडला तर तो पातळ. पातळच मिळाला तर दोन पट्ट्या एकावर एक चिकटवा, पण त्यासाठी ग्लू स्टिक वापरा. पातळ डिंकाने कागद भिजून वाकडा होतो. लग्नपत्रिकांची जाड पाकिटं आणि जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंही उत्तम, फक्त गुळगुळीत बाजू आत ठेवू नका. घामाने ती कपाळाला चिकटते. कागद आधीच दमट झाला असेल तर वाफ न सोडता कोमट इस्त्री फिरवा. तेवढ्यापुरता तो कडक होतो. उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून गादीखाली सपाट ठेवा.

आता डिंक. पावसाळ्यात लहान मुलाबरोबर काम करायचं तर वाळायला लागणारा डिंक मुळात वापरायचाच नाही. फेव्हिकॉल चांगलाच आहे, पण दमट हवेत तो अर्धा तास ओला राहतो. तोवर तुकडे सरकतात, हात बरबटतात, आणि अर्धा तास हे तुमच्या मुलाच्या दृष्टीने दुसरं युग. मी चिकटी आधीच तयार ठेवते. कोऱ्या पट्टीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध एक इंची डबल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी) लावायची, वरचा कागद तसाच ठेवायचा. काम सुरू करताना फक्त १५ सेंमी सोलायचा. आता पट्टीच चिकट. मुलाने तुकडा ठेवायचा आणि तळव्याने थापटायचं. बस्स, एवढंच काम, आणि ते त्याला पूर्ण जमतं. तेवढा भाग भरला की पुढचे १५ सेंमी. सगळी टेप एकदम उघडी केली तर पट्टी त्याच्या सदऱ्याला, केसांना, लादीला चिकटते आणि खेळ तिथेच संपतो. शेवटी टेपचा उघडा राहिलेला भाग कागदाच्या कपट्यांनी झाकून टाका, नाहीतर त्यावर केस बसतात.

टेप नको असेल तर खळ करा. एक भाग मैद्याला पाच भाग पाणी. पाव वाटी मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, उरलेलं पाणी गरम करून त्यात ओतायचं, मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळायचं. पांढरा रंग जाऊन जरा पारदर्शक चमक आली की झाली. थंड झाल्यावर ती अजून घट्ट होते, म्हणून चमच्यावरून सावकाश ओघळते तेव्हाच उतरवा. भाताचीही खळ होते. पण उकड्या तांदळाचा भात फारसा चिकटत नाही, सुरय (न उकडलेल्या) तांदळाचा मऊ भात घ्या आणि चाळणीतून दाबून काढा. पावसात खळ बाहेर एक दिवस टिकते, फ्रिजमध्ये दोन-तीन. पुस्तकबांधणीच्या खळीत बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. कुणी सुचवलं तरी मुलांच्या खळीत ते घालायचं नाही, मोरचूद विषारी आहे. आणि मुलाला गव्हाची अॅलर्जी असेल तर मैद्याऐवजी भाताचीच खळ.

सजावटीचे तुकडे कात्रीने कापून हातात देऊ नका. फाडणं हाच या वयाचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात जमणारा भाग आहे, तो आपणच करून टाकतो आणि मग मूल रमत नाही म्हणतो. कागदाच्या कडेला तुम्ही एक सेंमीचा काप देऊन ठेवा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पुढचं तो ओढेल. एक हात पुढे, एक मागे, असा फाडण्याचा नेमका हिसका बहुतेकांना दोनच्या पुढे येतो. त्याआधी दोन्ही हात बाहेरच्या दिशेने ओढले जातात आणि कागद फाटत नाही, मूल चिडतं. अशा वेळी काप मोठा द्या. तंतूंची गोष्ट इथेही लागू पडते. वर्तमानपत्र रकान्यांच्या दिशेने, वरून खाली, लांब सरळ फाटतं. आडवं फाडलं की वेडंवाकडं तुटतं. सरळ फाटलेली लांब पट्टी हातात आली की मुलाचा चेहरा बघा.

वर्तमानपत्र सरावापुरतंच ठेवा. त्याची शाई बोटांना लागते, घामट कपाळाला तर हमखास, आणि मूल बोट तोंडात घालतं. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१६ मध्ये सांगितलं, त्यामागे ही शाईच आहे. अंगावर घालायच्या वस्तूला खाकी कागद किंवा रंगीत साधा कागद बरा. क्रेप पेपर दिसायला सुंदर, पण ओला झाला की त्याचा रंग उतरतो. तो पट्टीच्या वरच्या कडेलाच लावा, कपाळाला टेकेल असा नाही. तुकडा कुठल्याही बाजूने ४ सेंमीपेक्षा लहान ठेवू नका. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याचे लहान भाग ओळखायला खेळण्यांच्या तपासणीत ३.१७ सेंमी व्यासाची नळी वापरतात. जी वस्तू तीत पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. मणी, टिकल्या, हलणारे डोळे, चमकी, सगळं या एका मापाने बाद होतं. स्टिकर द्यायचे तर मोठे द्या, आणि पानावरची मधली जाळी आधी सोलून फेका. मग स्टिकर सुटे उभे राहतात आणि पान जरा वाकवलं की त्यांची कड उचलली जाते. जाळी ठेवली तर प्रत्येक स्टिकरला ‘आई, काढून दे’.

आता कोपेल. २४ जूनला सांजांवाला खरं कोपेल पानाफुलांचं असतं. लहान मुलाच्या डोक्यावर ते जड होतं, खालून ओलं राहतं आणि त्यात मुंग्या निघतात. कागदाचं करायचं तर हिरव्याच्या दोन-तीन छटा घ्या. फाडलेला हिरवा कपटा पानासारखाच दिसतो, त्याला पानाचा आकार द्यायला जाऊ नका. १० ते १२ सेंमी लांबीचे कपटे, त्यांचा खालचा तिसरा भागच टेपवर चिकटेल आणि वरचा मोकळा राहील असे थापटायला लावा. ५० सेंमीच्या गोलाला असे २५-३० कपटे लागतात. त्याने दहा लावले तर दहा, उरलेले तुम्ही तो झोपल्यावर लावा, किंवा तसंच विरळ असू दे. अबोलीच्या रंगाच्या कागदाचे बोळे वर छान दिसतात. बोळा करणं त्याला फाडण्याइतकंच आवडतं, फक्त तो ४ सेंमीपेक्षा मोठा असावा आणि खालून खळीने पक्का बसवलेला. घरात कुणाला खरी पानंफुलं मिसळायची हौस असेल तर कण्हेर आणि पिवळी बिट्टी पूर्णपणे टाळा, दोन्ही विषारी आहेत. गोकुळाष्टमीचा मुकुट याच पट्टीवर होतो. मोरपीस १२ सेंमी उंचीचं, खाली ४ सेंमीचा पाय ठेवून कापा आणि पाय पट्टीच्या बाहेरून चिकटवा. आतून लावलं तर कपाळाला उंचवटा लागतो. उंची पंधराच्या वर गेली की पीस पुढे झुकतं आणि पट्टी डोळ्यांवर आणतं.

कडं सोपं आहे. ३ सेंमी रुंद पट्टी, मनगटाच्या मापापेक्षा ४ सेंमी लांब, बाहेर डबल टेप, जोडायला मास्किंग टेपचा तुकडा. त्या तुकड्याचं टोक अर्धा सेंमी दुमडून ठेवा, म्हणजे त्याला ते पकडून सोडवता येईल. मधोमध गोल कागद चिकटवला की घड्याळ झालं.

घडीची टोपी करायची तर काम सगळं मोठ्यांचंच, मूल फक्त रंगवतं, म्हणून ती मला या वयासाठी फारशी पसंत नाही. तरी माप सांगते, कारण सगळे पेपरचं अख्खं पान घेतात आणि टोपी गळ्यात येते. २६ बाय ३७ सेंमीचा कागद घ्या आणि २६ सेंमीची घडी पडेल असा दुमडा. टोपीचा घेर साधारण ५२ सेंमी होतो, कड साडेपाच सेंमीची. ए-फोर कागदाची टोपी ४२ सेंमीचीच होते, ती डोक्यावर नुसती टेकते.

मुखवटा तीन वर्षांपर्यंत नको. डोळ्यांची भोकं जागेवर राहत नाहीत, दिसेनासं होतं आणि मूल पडतं. वाघाचं किंवा माकडाचं तोंड हवंच असेल तर ते कपाळाच्या पट्टीवर, भुवयांच्या वर लावा. गळ्यात घालायच्या वस्तूंबाबत मी कडक आहे. दोरा, रिबन, लोकर काही नाही. माळ हवी तर पातळ कागदाच्या कड्यांची साखळी, डोक्यावरून न सोडवता सहज उतरेल इतकी मोठी, आणि ओढली की तुटणारी. ती घालून झोपाळा नाही, जिना नाही, झोप नाही. त्यापेक्षा छातीवर मास्किंग टेपने लावलेला मोठा बिल्ला बरा.

वेळेचं म्हणाल तर एका बैठकीत पाच ते आठ मिनिटं धरा. तो दोन मिनिटांत उठतो ही तुमची तक्रार आहे, पण त्यातला बराच वेळ तो तुमचं काम संपायची वाट बघत असणार. पट्टी कापलेली, खाचा दिलेल्या, टेप लावलेली, कागदांना काप दिलेले, हे सगळं त्याला बोलावण्याआधी तयार हवं. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसणार असाल तर वारा नाही हे बघा, आत बसलात तर पंखा बंद. लादीवर मोठा कागद चारी कोपऱ्यांना टेप लावून पसरा, म्हणजे कपटे गोळा करणं सोपं. कात्री त्याला आत्ता देऊ नका. अडीच-तीनच्या सुमाराला बोथट टोकाची द्या, आणि जाड कागदाची २ सेंमी रुंद पट्टी द्या, एका दाबात तुकडा पडेल अशी. आणि तयार झालेला मुकुट त्याने घातलाच नाही, तर बाहुलीला, कुंडीला, आजीला घाला. फोटोसाठी आग्रह केलात तर पुढच्या वेळी पट्टी बघूनच तो पळेल.

चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) ठेवायचं असेल तर खाच सोडवून पट्टी सपाट करा, दोन कोऱ्या कागदांत ठेवून कपाटात उभी लावा. टेपने केलेली पट्टी टिकते. खळीने केलेली मात्र कपड्यांच्या कपाटात ठेवू नका, दमटपणात तिला बुरशी येते आणि पिठाच्या वासाला कसर लागते.